ताईच्या मनगटाला बसवलेला रिमोट

रेडिओवर चालणाऱ्या गाडीचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. मूठ डाव्या हातात धरायची, डाव्या बोटाने ट्रिगर ओढला की गाडी पळते. उजव्या अंगाला एक छोटं चाक असतं, ते उजव्या हाताने फिरवायचं. पुढे ढकललं की गाडी उजवीकडे, मागे ओढलं की डावीकडे. ज्याने कुणी हे बनवलं त्याचं उजवं मनगट धड होतं. माझ्या ताईचं नाही. तेव्हा ताईला ही गाडी चालवता येणार नाही, असं आमच्या गणपती मंडळातल्या शहाण्यांनी एका चहात ठरवून टाकलं. मी म्हटलं, रिमोट बदलू. मनगट कशाला बदलायचं?

मी पत्रकं लिहिते. रोह्यात आमचा एक लहानसा गट आहे. नळाला गढूळ पाणी, एसटीच्या थांब्याला नसलेलं छप्पर, हायवेचं कधी न संपणारं काम, असं काही निघालं की पत्रक लिहायचं काम माझ्याकडे येतं. त्यामुळे मला पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याची गचांडी धरायची सवय लागली आहे. इथेही तेच केलंय. चालवून घ्या.

ताई पेणला एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकी रंग दहा जणांनी दिला तरी डोळ्यांना एकच हात लागतो, आणि तो हात ताईचा होता. एरवी ती रोह्याहून रेल्वेने जायची. पण सीझनमध्ये कारखान्याच्या वेळा आणि रेल्वेच्या वेळा एकमेकींचं तोंड बघत नाहीत, म्हणून स्कूटी. नागोठण्याच्या पुढे हायवेला एक वळण आहे, तिथे तो खड्डा. ताईला तो पाठ होता. रोज उजवीकडून घ्यायची. त्या दिवशी उजवीकडे ट्रक होता. एवढंच.

मनगटात धातूची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. हाड जुळलं, पण हात मागे वळतो तसा पुढे वळेना, मध्येच अडतो. त्या हाताने भाकरी होते, वेणी होते, डोळा होत नाही. कारखान्याने तिला काढलं नाही, ते बरे लोक आहेत. पेंढा भरून मूर्ती बांधायच्या कामावर बसवलं. दुसऱ्याने आखलेले डोळे ती आता पेंढ्यात गुंडाळते.

आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस तिला एकच विचारायचा, "किती स्पीडला होतीस गो?" खड्ड्याला कुणी विचारलं नाही, तू किती खोल होतास.

म्हणून यंदा आमच्या आळीच्या गणपतीला देखावा काय करायचा हा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला. हायवे करू. मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लायवूडचा रस्ता. एका टोकाला कोलाडची पाटी, दुसऱ्या टोकाला पेणची. मध्ये अर्धवट पूल, 'काम चालू रस्ता बंद', वडापावची गाडी, गायी, आणि खड्डे. खरे, खोल खड्डे. त्यातून रेडिओवरची गाडी जाणार. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांची पिठाची गिरणी आहे आणि ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते खूश झाले. "समाजप्रबोधन! तालुक्याचं बक्षीस आपलंच!" गाडी कोण चालवणार, असं कुणीतरी विचारलं.

ताई मागे बायकांत बसली होती. म्हणाली, "मी."

तेव्हाच तो चहा आला आणि शहाण्यांनी, मी सुरुवातीला सांगितलं ते ठरवलं. आम्ही दोघी बहिणींनी ते ठरू दिलं नाही.

गाडी सुटी मागवली होती. सांगाडा वेगळा, रेडिओ वेगळा. रेडिओ म्हणजे दोन वस्तू: हातातला रिमोट, आणि गाडीत बसणारी काडेपेटीएवढी डबी, तिला रिसीव्हर म्हणतात. दोघांची आधी ओळख करून द्यावी लागते. डबीवरचं बटण दाबून ठेवायचं, बॅटरी जोडायची, दिवा लुकलुकायला लागला की रिमोटवरून हाक मारायची. दिवा स्थिर झाला की ओळख पटली. मग ती डबी दुसऱ्या कुणाच्या रिमोटचं ऐकत नाही.

ताई म्हणाली, "एवढी निष्ठा आपल्या नगरसेवकात असती तर?"

"तो पण एकाचंच ऐकतो. आपलं नाय ऐकत, एवढंच."

डबी मोटरपासून आणि बॅटरीच्या जाड वायरींपासून लांब चिकटवली, नाहीतर कुरबुर होते. तिची केसासारखी बारीक एरियल नळीत घालून सरळ उभी केली. मंडळातल्या एकाने येऊन विचारलं की नळीला भगवी पताका लावू का. लाव म्हटलं, फक्त वायर कापू नकोस. मग सर्वो. सर्वो म्हणजे पुढची चाकं वळवणारी बारकी मोटर. तिला आधी वीज देऊन मधोमध येऊ द्यायचं आणि मगच तिचा दांडा बसवायचा. आधी दांडा बसवला तर गाडी जन्मभर तिरकी चालते. चाक पुढे ढकललं तर गाडी डावीकडे वळायला लागली, उलटी. त्यालाही रिमोटच्या पडद्यावर एक खूण असते, ती बदलली की सुलटी. इथवर सगळं कुठल्याही पोराच्या गाडीला करतात तसंच.

पुढचं फक्त ताईसाठी होतं.

"ढकल पुढे," मी म्हटलं. गाडी स्वयंपाकघरात पाटावर ठेवली होती, चाकं हवेत.

"ढकलतेय."

"अजून."

"अजून म्हणजे काय गो? हात एवढाच हाय."

मागे ओढलं की चाकं डावीकडे शेवटपर्यंत जायची. पुढे ढकललं की अर्ध्यावर हात अडायचा, आणि चाकंही अर्ध्यावर. अर्ध्या वळणात तो नागोठण्याचा खड्डा चुकत नाही. आमच्या प्लायवूडच्या रस्त्यावरही तो आम्ही खऱ्यासारखाच केला होता, वळणावर, डावीकडून मध्यापर्यंत पसरलेला. उजवीकडे पूर्ण वळलं तरच चुकतो.

रिमोटच्या पडद्यावर डाव्या-उजव्या बाजूला एकेक आकडा असतो. हातातलं चाक पूर्ण फिरवलं तर गाडीची चाकं किती वळतील ते त्यावर ठरतं. पुस्तिकेत लिहिलंय, दोन्ही बाजू सारख्या ठेवा. का? कारण पुस्तिका लिहिणाऱ्याचे दोन्ही हात सारखे. मी डावा आकडा तसाच ठेवला आणि उजवा वाढवत नेला. ताई ढकलून बघायची, मी वाढवायचे. शेवटी तिचा हात जिथे अडतो तिथेच गाडीची चाकं पूर्ण उजवीकडे वळलेली दिसली. अर्धं ढकला, पुरं वळा.

यात एक मेख होती. दुसऱ्या कुणी ते चाक पूर्ण पुढे ढकललं तर सर्वो चाकांच्या अडणीपलीकडे जोर लावणार. मी स्वतः ढकलून बघितलं. किर्रर्र आवाज यायला लागला.

आई भाजी चिरत होती. "अगो, त्याला दुखतंय काय? रडतंय बघ."

"दुखतंयच. असंच धरून ठेवलं तर जळेल."

"मग सोड की मेले!"

सोडलं. पण ताईचा हात तिथवर जातच नव्हता. म्हणजे हा रिमोट ज्या एका माणसाच्या हातात सुरक्षित होता तो माणूस ताई. धडधाकट मनगटवाल्यांच्या हातात तो बिघडला असता. पत्रकात मी अशा वाक्याखाली रेघ मारते.

उजवीकडचा जोर वाढवल्यामुळे गाडी जरा हात हलला की उडायला लागली. त्याला अजून एक सोय असते. मधल्या भागात चाक मऊ करायचं, कडेला गेलं की कडक. ते ताईने स्वतः सांगून सांगून करून घेतलं. "अजून मऊ. ब्रश टेकवतो ना, तसं. टेकला पण उमटला नाय." मला काही कळलं नाही. तिला कळत होतं, तेवढं पुरे. मग ओटीसमोर चपला मांडून, चपला म्हणजे खड्डे, ती गाडी चालवायला लागली. शेजारच्या काकू दोन वेळा चपला शोधत आल्या.

गणपती बसले त्या संध्याकाळी मंडपात पडदा लावून आम्ही पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर गाडी सोडली. म्हणजे प्लायवूडच्या. ताईने कोलाडहून सुरुवात केली. एक खड्डा, दुसरा खड्डा, गायीला वळसा. पडद्याच्या फटीतून मूर्तीकडे बघून मध्येच म्हणाली, "डावा डोळा जरा वर गेलाय." गाडी अर्ध्या वाटेवर होती तेवढ्यात पलीकडे आरतीची घंटा वाजली. आमच्या मंडळाचा रिवाज आहे, आरतीला सगळं बंद. स्पीकर बंद, रंगीत दिवे बंद, पंखासुद्धा बंद, फक्त समया. काका बोर्डाची बटणं पटापट पाडत आत आले आणि त्याच तंद्रीत ताईच्या हातातला रिमोटही घेऊन त्याचं बटण पाडलं.

सगळ्या मशिनींत ही एक मशीन अशी आहे की हातातलं बंद केलं म्हणून पुढचं थांबतंच असं नाही. रिमोट सगळ्यात आधी चालू करायचा आणि सगळ्यात शेवटी बंद करायचा. कारण डबीला हाक ऐकू येईनाशी झाली तर काय करायचं हे तिला आधी शिकवून ठेवावं लागतं, आणि कारखान्यातून ती शिकून आली होती की शेवटचा हुकूम पाळत राहायचं. शेवटचा हुकूम होता, पळ. गाडी पळाली. पेणची पाटी पाडली, पडद्याखालून बाहेर गेली आणि 'सुखकर्ता'च्या ऐन सुरात प्रसादाच्या ताटाला धडकली. पेढे सगळ्यांच्या पायांत.

आरती तशीच, पेढ्यांत उभं राहून, पुरी झाली. संपल्यावर काका ताईकडे वळले. माझ्याकडे नाही, ताईकडे.

"बघितलंस? म्हणून सांगत होतो. हाताला जमत नाय तर हट्ट कशाला?"

"काका, बटण तुम्ही बंद केलंत," मी म्हटलं.

"बंद केल्यावर गाडी थांबते! एवढं मला कळतं!"

मी तिथेच, सगळ्यांसमोर, गाडी उचलून डबीला शिकवलं की हाक बंद झाली तर थांबायचं. चाकं हवेत फिरवली, रिमोट बंद केला, चाकं थांबली. "बघा. आता कुणीही काहीही बंद करा." लोक पेढे वेचत होते. काका त्यातलाच एक पेढा झटकून खात होते. पण आळीभर पसरलं ते एवढंच की ताईच्या हातून गाडी सुटली. ताई खड्ड्यात पडली तेव्हाही असंच झालं होतं. रस्ता कुणाचा हे कधी निघतच नाही, निघतो तो चालवणारीचा हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मंडपात गेले तर रस्ता गुळगुळीत. सगळे खड्डे बुजवलेले. ओला शाडू भरून, वरून राखाडी रंग मारून, छान घोटून.

"हे काय?"

काका खुर्चीवर चढून पताका बांधत होते. "संध्याकाळी पाहुणे येतायत ना उद्घाटनाला. त्यांना काय वाटेल?"

पाहुणे म्हणजे मंडळाचा मांडव दरवर्षी स्वतःच्या खिशातून घालणारे गृहस्थ. रस्त्याच्या कामाचे ठेकेदार. त्यांचे डंपर हायवेवर फिरत असतात.

"काका, देखाव्याचं नावच 'खड्डे' आहे."

"नाव आता 'विकासाचा महामार्ग' केलंय. बोर्ड येतोय."

म्हणजे खऱ्या रस्त्यावर साहेब यायच्या आदल्या दिवशी जे करतात, तेच आम्ही प्लायवूडवर केलं. कुणाला सांगावंही लागलं नाही. आम्हाला ते येतंच.

"आणि रिमोट पाहुण्यांच्या हातात द्यायचा," काका म्हणाले. "उद्घाटन आहे. फीत कापून झाली की पहिली फेरी त्यांची. तुझ्या ताईचा मान ठेवलाय, काळजी करू नको. स्टेजवर बसवतो. शाल, नारळ. 'अपघातग्रस्त भगिनीचा सत्कार.' त्यांच्याच हस्ते."

मी घरी गेले ते पाय आपटत. ताईला सगळं सांगितलं. एक पत्रक डोक्यात तयार झालं होतं, तेही म्हणून दाखवलं. 'खड्डा पाडणाऱ्याच्या हाताने शाल, खड्ड्यात पडलेलीच्या खांद्यावर.' मंडपाच्या फाटकाशी उभं राहून हे वाटायचं, असं म्हटलं.

ताई साडीला पिन लावत होती. "तू आज वाटू नको काही."

"का? घाबरलीस?"

"तुझी पत्रकं लोक घडी करून खिशात घालतात गो. मला आज कुणाच्या खिशात जायचं नाय." मग म्हणाली, "आणि तू गप्प बसायचंस. ही माझी पाळी."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळी मंडप भरला. पाहुणे आले, कडक पांढरे कपडे, मागे चार जण. फीत कापली, भाषण झालं. ताईचं नाव पुकारलं. ती उठली, पण स्टेजकडे गेली नाही. सरळ कोलाडच्या पाटीपाशी जाऊन उभी राहिली. रिमोट पदराखाली होता. आधी रिमोट चालू केला, मग वाकून गाडी.

काका शाल घेऊन तिच्यामागे. "अगं, इकडे! सत्कार इकडे!"

"शाल नको काका. मला थंडी नाय वाजत."

बायका हसल्या. पाहुणेही हसले, सवयीने. पुढे आले आणि हात पुढे केला. "द्या बघू ताई, आम्ही पण चालवून बघतो. रस्ता आमचाच आहे."

"रस्ता तुमचाच हाय, ते म्हाईत हाय मला," ताई म्हणाली. "पण हा रिमोट माझ्या हाताला बसवलाय. तुम्ही फिरवलात तर जळेल."

मागच्या चौघांतला एक पुढे सरकला. "साहेबांना नाय म्हणतेस?"

"नाय म्हणतेय."

मी जिभेला दात लावून उभी होते. ताईने तिचं उजवं मनगट साडीच्या पदरातून बाहेर काढलं, चाकावर ठेवलं. ओरखड्यासारखी ऑपरेशनची शिवण सगळ्यांना दिसली. एरवी ताई ती कधी कुणाला दाखवत नसे.

गाडी निघाली. बुजवलेला पहिला खड्डा पार झाला, वरवर, कारण तो त्यातल्या त्यात उथळ होता. दुसराही. वळण आलं. तिला उजवीकडून घेता आलं असतं, मी आकडा त्यासाठीच वाढवला होता. तिने घेतलं नाही. सरळ त्या घोटलेल्या राखाडी तुकड्यावर गाडी घातली. ओल्या शाडूत चाकं रुतली. तिने ट्रिगर सोडला नाही. चाकं फिरत राहिली आणि शाडूचे गोळे मागे उडायला लागले, वडापावच्या गाडीवर, गायीवर, 'विकासाचा महामार्ग' या नव्या कोऱ्या बोर्डावर. राखाडी रंगाखालून पांढरा शाडू निघाला, शाडूखालून भोक.

मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "आता झाला बराबर! हाच तो, नागोठण्याचा!"

मग हशा फुटला. टाळ्याही. शेजारच्या काकू तर शिट्टी वाजवायला निघाल्या होत्या, त्यांना जमत नाही. पाहुण्यांच्या पांढऱ्या विजारीवर शाडूचा एकच थेंब बसला होता, तो त्यांनी रुमालाने पुसायला घेतला आणि पसरला. ताईने गाडी मागे घेतली, भोकातून बाहेर काढली, आणि आता चाक पुढे ढकललं. अर्धंच. हात अडला तिथे गाडी पूर्ण उजवीकडे वळली आणि खड्ड्याच्या कडेकडेने पेणपर्यंत गेली. ताई बघत होती ती गाडीकडे, लोकांकडे नाही. खालचा ओठ दाताखाली धरला होता. आखणी करताना ती असाच धरायची.

पाहुणे फार वेळ थांबले नाहीत. जाताना काकांच्या कानाशी काही बोलले. पुढच्या वर्षी मांडव कोण घालणार हा प्रश्न आता काकांच्या तोंडावर लिहिलेला होता, आणि तो मी आजही त्यांच्याकडूनच ऐकते, गिरणीत गहू घेऊन गेले की.

लोक पांगेनात. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून एकमेकांना आपापले खड्डे दाखवत होते. हा सुकेळी खिंडीतला. हा वडखळचा. नाय रे, वडखळचा ह्याहून मोठा. काका घमेलं घेऊन आले, त्यात ओला शाडू.

"झालं ना तुझं समाधान? आता हे मी बुजवून घेतो. उद्या तालुक्याचे परीक्षक येणारेत."

"बुजवा," ताई म्हणाली. "उद्या मी परत उकरीन. परवा पण."

"आणि मी रिमोट कपाटात ठेवला तर?"

"ठेवा की. पण चालवायला द्याल कुणाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. म्हटलं, हो काका, जळेल. घमेलं त्यांच्या हातातच होतं, तेवढ्यात ताईने गाडी तोंड फिरवून पुन्हा कोलाडच्या बाजूने सोडली, त्यांच्या पायांजवळून.